काही सांगत नाही

नेरळ स्टेशनाच्या पूर्वेला उतरलं, माथेरानचा डोंगर पाठीशी टाकला, की कळंबचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्येच पोश्री नदीचं पात्र, लांबवर सह्याद्रीची भिंत. कळंबला हा रस्ता कर्जतहून कशेळ्यावरून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला मिळतो. नाक्यावर चहाच्या टपऱ्या, खतांची दुकानं, वडापच्या गाड्या. गावाच्या भोवती डोंगराच्या पायथ्यापर्यंत ठाकूर आणि कातकऱ्यांच्या वाड्या पसरलेल्या आहेत.

हा दिवाळी अंक तुमच्या हाती येईल त्या सुमारास यातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागलेल्या असतात. भाताची कापणी-झोडणी उरकते, वीटभट्टीचे टेम्पो येतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरंबाळं असा सगळा संसार टेम्पोत चढतो. पावसाच्या तोंडाशी माणसं परततात, तोवर झोपड्यांच्या दारांना फक्त काटक्यांची कवाडं. पावसाळ्यात घरात दाणे संपलेले असताना शेठकडून घेतलेली उचल या सहा-सात महिन्यांत अंगानं फेडायची असते.

बऱ्याच वर्षांपूर्वी, मी विशीत असताना, अशाच एका उचलीच्या भांडणात एका कातकरी माणसाबरोबर एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. लिहिता-वाचता येणारा म्हणून मला सोबत घेतलेलं. समोरच्या कारकुनानं नाव, वय, वाडी विचारून लिहून घेतलं. मग तक्रार काय, ते विचारलं. हा गप्प. पुन्हा विचारलं. हा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभा. तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर कारकुनानं सरावाच्या हातानं एक ओळ लिहिली, कागद त्याच्यापुढे सरकवला आणि अंगठा घेतला. ओळ होती : ‘विचारले असता काही सांगत नाही.’

परतीच्या वाटेवर नदी ओलांडली आणि तो बोलायला लागला. किती हजार विटा पाडल्या, बायको तापानं किती दिवस पडून होती, दर आठवड्याच्या खर्चीतून किती कापले, हिशेबाच्या दिवशी उचल फिटण्याऐवजी वाढली कशी. बोटांच्या पेरांवर मोजत, एकही आकडा न चुकवता. वाडी येईपर्यंत तो थांबला नाही.

पुढे काही दिवसांनी मी ‘आक्रोश’ पाहिला. पडद्यावर ओम पुरींचा लहान्या भिकू वकिलासमोर तसाच खाली बघत बसला होता. हा चित्रपट लिहिणाऱ्या माणसाला त्या कार्यालयातली ती ओळ कुठून ठाऊक, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात आहे. विजय तेंडुलकरांची नाटकं मराठी वाचकाला पाठ आहेत, त्यांच्यावरचे वादही पाठ आहेत. या लेखात मला त्यांच्यातल्या पटकथाकाराकडे जायचं आहे, आणि तो पटकथाकार कशाकशातून घडला तिकडेही.

कानांची शाळा

तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८चा. बालपण गिरगावातलं. वडील धोंडोपंत कारकुनी करून हौशी रंगभूमीवर रमणारे. नाटकं बसवत, त्यांत कामं करत, लिहीतही. धाकट्या विजयला ते तालमींना घेऊन जात. तालमीत वाढलेलं मूल एक गोष्ट फार लवकर शिकतं. तेच वाक्य दहा वेळा म्हटलं जातं आणि दहाही वेळा त्याचा अर्थ वेगळा लागतो. शब्द तेच असतात, बदलतो तो माणसाचा श्वास, थांबणं, मान वळवणं. सहाव्या वर्षी पहिली गोष्ट आणि अकराव्या वर्षी पहिलं नाटक लिहिणाऱ्या या मुलानं अक्षरांबरोबर हा फरकही गिरवला असणार.

मग कुटुंब मुंबईहून कोल्हापूरला गेलं, तिथून पुण्याला. १९४२च्या चळवळीत चौदा वर्षांच्या विजयनं शाळा सोडली. शिक्षणाची घडी तिथं विस्कटली ती कायमची. शाळा चुकवून पाहिलेले सिनेमे हीच मग एक शाळा झाली. इंग्रजी पुरतं कळत नसताना इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्या मुलाला गोष्ट चेहऱ्यांवरून, हालचालींवरून, एका चित्रामागून येणाऱ्या दुसऱ्या चित्रावरून जुळवावी लागते. पटकथा म्हणजे नेमकं हेच. संवाद काढून घेतले तरी उभी राहणारी गोष्ट.

१९४२ म्हटलं, की आमच्या भागात दुसरंच नाव ओठांवर येतं. माथेरानला जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील. कर्जतच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उभारणारे भाई भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात दोघांनाही हौतात्म्य आलं. भाई तेव्हा तीस वर्षांचे होते. त्याच चळवळीत ओढला गेलेला पुण्यातला शाळकरी मुलगा पुढे तीसेक वर्षांनी ‘सामना’ लिहितो. त्यातला मास्तर एकेकाळी स्वातंत्र्यासाठी झटलेला, गांधींना मानणारा आणि आता दारूत बुडालेला आहे. जे सिद्धगडावर राहिले त्यांचे हुतात्मे झाले. जे मागे उरले त्यांनी स्वराज्यात काय पाहिलं? ‘सामना’ मला त्या प्रश्नाची पटकथा वाटते.

लेखनातल्या गुरूंविषयी तेंडुलकर दोन नावं आदरानं घेत. एक वि. वि. बोकील, दुसरे दि. बा. मोकाशी. दोघेही साध्या भाषेचे कथाकार. मोकाशी पुण्यात रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवत आणि तितक्याच हलक्या हातानं माणसांच्या मनातली खरखर टिपत. त्यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवर सुमित्रा भावे यांनी पुढे ‘दिठी’ हा चित्रपट केला. पुत्रशोकात बुडालेला म्हातारा, पाऊस आणि अडलेली गाय, एवढ्याच ऐवजावर ती कथा उभी आहे. अलंकार काढून टाकल्यावर वाक्य किती काम करतं, हे तेंडुलकरांनी या घरात शिकून घेतलं.

आणि तिसरी शाळा वर्तमानपत्राची. ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ अशा दैनिकांत त्यांनी नोकऱ्या केल्या, ‘वसुधा’ मासिकाचं संपादन केलं, सदरं लिहिली. उपसंपादकाच्या टेबलावर रोज माणसांची आयुष्यं चार ओळींत येऊन पडतात. कुणाचा खून, कुणाची आत्महत्या, कुणाला शिक्षा. पुढचा कागद ओढण्याआधी त्या चार ओळींच्या मागे काय असेल, असं ज्याला वाटतं, तो हळूहळू लेखक होतो. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘हे सर्व कोठून येते’ असं आहे.

गाडीतली माणसं

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ कसं सुचलं, याची हकीकत प्रसिद्ध आहे. लोकलमध्ये तेंडुलकरांना हौशी मंडळींचा एक गट भेटला. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेला. त्यांच्या आपापसातल्या बोलण्याकडे तेंडुलकरांचा कान गेला. त्या बोलण्यातून १९६७चं नाटक उभं राहिलं. मुंबईत रोज लाखो माणसं लोकलनं जातात आणि सगळ्यांच्या कानांवर काही ना काही पडतंच. तेंडुलकरांच्या कानाला मात्र थट्टेखालचा सुरा ऐकू आला.

‘शांतता!’वर सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांची, कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी. नाटककार आणि छायालेखक यांची ही गाठ पुढच्या दशकभरात भारतीय सिनेमाला फार मोठं देणं देऊन गेली.

१९७३ ते ७५ या काळात तेंडुलकरांना नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली. विषय होता समाजात वाढत चाललेली हिंसा. त्यासाठी ते देशभर हिंडले, माणसांशी बोलत राहिले. त्यांच्या पटकथांचा मोठा हंगाम याच भ्रमंतीला लागून येतो, हे ध्यानात घ्यायला हवं. ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘सिंहासन’, ‘आक्रोश’, ‘आक्रित’, ‘उंबरठा’, ‘अर्धसत्य’ हे सगळं साधारण एका दशकातलं.

या चित्रपटांच्या श्रेयनामावल्या मी अलीकडे पुन्हा नीट पाहिल्या, आणि एका गोष्टीशी थांबलो. श्याम बेनेगल यांच्या ‘निशांत’ची पटकथा तेंडुलकरांची, संवाद सत्यदेव दुबेंचे. ‘मंथन’ची पटकथा तेंडुलकरांची, संवाद कैफी आझमींचे. ‘आक्रोश’चे संवाद पुन्हा दुबेंचे, ‘अर्धसत्य’चे वसंत देव यांचे. मराठी रंगभूमीला ज्याच्या संवादांनी हादरवलं, त्या लेखकाला हिंदी सिनेमानं मान दिला तो संवादांखेरीज जे उरतं त्यासाठी. कोणता प्रसंग आधी येईल, कोणता मुळीच दाखवायचा नाही, माणूस दारातून आत येईल की उंबऱ्यापाशीच थांबेल, कोण कुणाकडे बघणार नाही, यासाठी. ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केलेला तो चित्रपट. शहरातून आलेला भला डॉक्टर, गावातला सवर्ण सरपंच, दूधवाला व्यापारी आणि दलित वस्ती, असा चौकोन त्यात आहे. भलेपणानं आलेला माणूसही गावाला पुरता कळत नाही, आणि शेवटी गावाला आपलं काम आपणच पुढे न्यावं लागतं. हे सांगायला त्या पटकथेला भाषण लागलं नाही.

चिंधी आणि नागी

आमच्या डोंगरातल्या माणसांकडे सिनेमानं दोन डोळ्यांनी पाहिलं, असं मला नेहमी वाटतं. पहिला चित्रपट १९७७चा ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला, सतीश आळेकरांनी पडद्यासाठी लिहिलेला. ठाकरांचं जगणं त्यात गाण्यातून वाहतं. ढोल वाजतो, डोंगर बोलतो, नाग्या राणी माशीशी वैर मांडतो, चिंधी त्याच्यावर जीव टाकते. आजही वाडीवर लग्नात त्यातली गाणी लागतात आणि म्हातारी माणसंही पाय हलवतात. आपल्या माणसांना एवढं सुंदर कुणी दाखवलं, याचं ऋण मोठं आहे.

दुसरा चित्रपट तीन वर्षांनी आलेला ‘आक्रोश’. चिंधी झालेल्या स्मिता पाटील इथं नागी आहेत. लहान्याची बायको. आणि इथं जगणं गाण्यातून वाहत नाही. बलदंडांनी नागीवर अत्याचार केला, तिनं जीव दिला, आणि तिच्या खुनाचा आरोप लहान्यावर आला. त्याच्या बाजूनं सरकारनं तरुण वकील दिला आहे, नसीरुद्दीन शाह यांचा भास्कर कुलकर्णी. हुशार, सचोटीचा, खरं काढायला धडपडणारा. तो विचारतो, विचारत राहतो. लहान्या काही सांगत नाही.

चित्रपटाच्या नायकानं जवळजवळ बोलायचंच नाही, हा निर्णय कागदावर घेणं किती अवघड असेल, याचा विचार करून पाहा. प्रेक्षकाला माहिती कोण देणार? तेंडुलकर ती वकिलाच्या पायपिटीतून, दुसऱ्यांच्या खोट्या बोलण्यातून आणि आठवणींच्या तुकड्यांतून देतात. जे बोलतात ते बहुतेक लपवतात. जो गप्प आहे त्याच्याजवळ सगळं सत्य आहे. समोर सरकारी वकील आहेत दुसाणे, अमरीश पुरींनी केलेले. ते स्वतः आदिवासींतून वर आलेले आहेत, आणि रात्री-अपरात्री फोनवर त्यांना शिवीगाळ सोसावी लागते. म्हणजे वर गेलेल्या आदिवासीलाही बोलण्याची मुभा नाही. एक मौन पिंजऱ्यात उभं आहे आणि दुसरं काळ्या कोटात.

शेवटी लहान्याच्या बापाचं प्रेत जळतं. बेड्या घातलेल्या लहान्याला अग्नी द्यायला आणलेलं असतं. त्याची नजर आधी आपल्या तरण्या बहिणीवर जाते, मग तिच्याकडे बघणाऱ्या नजरांवर. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. मग आभाळाकडे तोंड करून ओरडतो. एवढ्या वेळानंतर त्याच्या गळ्यातून आवाज येतो, पण त्यात शब्द नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा शेवट मला सोसवला नव्हता. बहिणीला का, मारायचं तर त्यांना का नाही, असं वाटून मी चिडलो होतो. आज वाटतं, की त्या बोटं मोजणाऱ्या माणसाबरोबर नदी ओलांडली नसती, तर मला लहान्या कधीच कळला नसता. आपण समजतो, की गप्प माणसाला बोलता येत नाही, किंवा तो घाबरलेला असतो. लहान्याला भीती आहेच. पण भीतीच्या पलीकडे त्याचा एक निवाडाही आहे. या खोलीत सांगून उपयोग नाही, हे त्यानं ओळखलं आहे. कोर्टानं त्याचा न्याय करण्याआधी त्यानं कोर्टाचा केला आहे. तेंडुलकरांनी लिहिलेलं मौन हा त्या माणसाचा निकाल आहे, आणि म्हणूनच त्याची कीव करता येत नाही. त्याच्यासमोर मान खाली जाते.

‘आक्रोश’ हा निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. पुढे ‘अर्धसत्य’ही दोघांनी मिळून दिला. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारलेला. तिथं लहान्याच्या उलट बाजूचा माणूस मध्यभागी आहे, खाकीतला फौजदार अनंत वेलणकर. त्यालाही आपला संताप योग्य जागी सांगता येत नाही, आणि तो कोठडीत एका क्षुल्लक चोरावर निघतो. अत्याचार सोसणारा आणि अत्याचार करून बसणारा, दोघांच्याही घशात अडकलेलं तेंडुलकरांना दिसत होतं. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र विणून केलेल्या ‘सिंहासन’मध्ये तर सारं राजकारण पाहणारा दिगू टिपणीस स्वतः पत्रकार आहे. निळू फुल्यांचा तो चेहरा आठवा. सगळं ठाऊक असलेला आणि काहीच छापू न शकणारा.

घरातला पडदा

दूरदर्शन घराघरांत पोचलं तेव्हा तेंडुलकरांच्या घरातलाच एक चेहरा, त्यांच्या मुलीचा, देशाला परिचित झाला. १९८५ साली बासू चटर्जी यांच्या ‘रजनी’ मालिकेत प्रिया तेंडुलकर गॅस सिलिंडरवाल्यापासून कचेरीतल्या बाबूपर्यंत सगळ्यांना जाब विचारत होत्या. लहान्या बोलत नाही आणि रजनी थांबत नाही. पुढे तेंडुलकरांनी ‘स्वयंसिद्धा’ ही मालिका लिहिली, त्यातही प्रमुख भूमिका प्रियाताईंचीच होती. सोसणारी बाई आणि उठून उभी राहणारी बाई हा धागा त्यांच्या लेखनात आधीपासून होता. ‘शांतता!’तल्या बेणारेपासून ‘उंबरठा’तल्या सुलभा महाजनपर्यंत. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून लिहिलेल्या ‘उंबरठा’त बाई घर सोडून कामासाठी निघते, परतते, आणि आपल्याच घरात तिला जागा उरलेली नसते. दार बंद झाल्याचा आवाज पटकथेत कुठंही लिहिलेला नसतो. तो आपल्याला ऐकू येतो.

आयुष्याच्या उतरणीवर या माणसानं घरातली एकेक माणसं गमावली. मुलगा राजा, पत्नी, आणि २००२च्या सप्टेंबरात प्रियाताई. तरीही ते लिहीत राहिले. १९ मे २००८ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

कोरा राहिलेला कागद

आज कर्जत-खालापूर हा चित्रीकरणाचा मुलूख झाला आहे. चौकजवळ नितीन देसाई यांनी उभारलेल्या स्टुडिओत राजवाडे आणि किल्ले उभे राहिले. ‘जोधा अकबर’चं भव्य नेपथ्य इथलं, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकाही इथली. ज्यांच्या कल्पनेतून हे सारं आलं ते देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. आमच्या फार्महाऊसांत, नदीकाठी, पावसाळी धबधब्यांपाशी आजही जनरेटरच्या गाड्या येतात. वाडीवरच्या तरुणांना सामान उचलण्याचं, गर्दीत उभं राहण्याचं काम मिळतं. त्या रोजाची आमच्याकडे गरज आहे आणि मी त्याला कमी लेखणार नाही.

पण डोंगर पडद्यावर येतो, नदी येते, आणि डोंगरातला माणूस बहुधा मागे धूसर उभा राहतो. त्याच्या तोंडी कुणी वाक्य देत नाही, आणि त्याच्या मौनाकडेही कुणी पाहत नाही. पटकथा शिकायला वर्ग निघाले आहेत, पुस्तकं मिळतात. तिथं प्रसंग कसा रचावा ते समजतं आणि ते समजायलाच हवं. तेंडुलकरांचं आयुष्य मात्र मला त्याच्या आधीची पायरी दाखवतं. बापाबरोबरच्या तालमी, न कळणाऱ्या भाषेतला सिनेमा, चार ओळींच्या बातम्या, लोकलमधली अनोळखी माणसं, दोन वर्षांची भ्रमंती. या सगळ्यांत त्यांनी केलं ते एकच. समोरच्याचं बोलणं संपल्यावरही ते ऐकत राहिले.

ज्यांना या भागावर लिहायचं असेल, त्यांनी दिवाळीनंतर एकदा कळंबच्या नाक्यावर यावं. टेम्पो भरताना पाहावा. म्हातारी झोपडीचं कवाड दोरीनं बांधते, दोनदा ओढून बघते आणि मग बांधलेलं सोडून आत जाऊन काहीतरी घेऊन येते. पोरगा दप्तर टेम्पोत ठेवू की इथंच ठेवू, असं बापाच्या तोंडाकडे बघून विचारतो. बाप उत्तर देत नाही. तिथं संवाद लिहायची घाई करू नये.

मी पटकथाकार नाही. त्या कार्यालयातून निघाल्यावर मला जे सांगितलं गेलं, ते मी तेव्हा कुठंच लिहिलं नाही. कागदावर उरली ती एकच ओळ आणि तिच्याखाली निळ्या शाईचा अंगठा. तो माणूस आता नाही. विटांचा आकडाही मला नीट आठवत नाही, आणि याची मला लाज वाटते. आठवतात ती बोटं. मातीनं भेगाळलेली, एकेका पेरावर अंगठा टेकवत पुढे सरकणारी. कार्यालयात कागदावर टेकवला होता तोच अंगठा.